हस्तीमलशेठनी निवडलेली जाळी

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत हस्तीमलशेठच्या दुकानी जाळी घ्यायला गेलेला माणूस आधी मुलाखत देतो आणि मग जाळी घेतो. खिळे मागा, बिजागऱ्या मागा, कडीकोयंडे मागा, शेठ मान वर न करता मोजून देतात. जाळीचं नाव काढलं की मात्र चष्मा कपाळावर जातो आणि प्रश्न येतो, "कशासाठी पाहिजे?"

हा प्रश्न त्यांना दुकानाबरोबर वडिलांकडून मिळाला. वडील मारवाडातून नुसता लोटा घेऊन आले, असं घरात सांगतात. खरं म्हणजे पाचोऱ्याच्या मामांनी तिकीट काढून आणलं होतं आणि लोटाही मामांचाच होता, पण ते असो. माणूस कडक होता. उंदराचा पिंजरा नाही, घुशीची गोळी नाही, मासे धरायचा गळ नाही, खुराड्याची जाळी नाही. ज्यात जीव अडकतो ती वस्तू आपल्या गल्ल्यावरून जायची नाही, असा त्यांचा नियम. जैनाच्या दुकानात हे नवल नव्हे. नवल एवढंच, की हस्तीमलशेठनी तो नियम वडिलांपेक्षा दोन बोटं वर नेला. सहा कोनांच्या जाळीला सगळा बाजार मुर्गा जाळी म्हणतो. मालाच्या गठ्ठ्यावर तसं छापूनच येतं. शेठच्या जिभेला ते नाव चालत नाही. "सहा कोनांची" म्हणायचं. नवखं गिऱ्हाईक "मुर्गा जाळी आहे का?" म्हणून गेलं, तर शेठ शांतपणे "नाही" म्हणत आणि गिऱ्हाईक ज्या गठ्ठ्याला टेकून उभं असे तो त्याच जाळीचा असे.

एरवी माणूस मऊ. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, उकळलेलं पाणी, दिवेलागणीच्या आत जेवण. तारेवर नख मारून तिच्या जाडीचा गेज सांगायचा नाद. आणि मनात एक गोड गुदगुली, की धुळे जिल्ह्यात जाळी विकून हात स्वच्छ राहिलेला माणूस आपणच. तोंडानं कधी म्हणाले नाहीत. गादीवर मांडी घालायची ढब तेवढी सांगायची.

ही ढब उतरवायचं काम भटूभाऊंकडे होतं. भटूभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, बौद्ध वस्तीतलं मागच्या बाजूचं घर, शेठच्याच वयाचे. रोज दहाला यायचे, शेठचं वर्तमानपत्र फुकट वाचायचे आणि त्याची भरपाई म्हणून शेठला छळायचे.

"शेठ, माले खिडकीले जाळी जोयजे."

"परवा नेली ना भटूभाऊ?"

"ती ते मोरली खिडकी. आते मांगली."

पुढची झाली, आता मागची, म्हणून शेठ मापून द्यायचे. भटूभाऊंच्या घराला खिडक्या फार, असं त्यांना अधूनमधून वाटून जाई.

आता बाईंचं. धनकुंवरबाई म्हणजे शेठच्या पत्नी. घरात दोघं मारवाडी बोलतात, भांडतातही मारवाडीतच, म्हणून गल्लीला निम्मीच भांडणं कळली. बाईंचा धर्म शेठपेक्षा हातातला. शेठ काय विकायचं नाही ते ठरवत, बाई काय करायचं ते करत. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, त्या धनसिंगकडून टोपलीभर पक्षी विकत घेत आणि गच्चीवरून सोडून देत. धनसिंग हा बाजारात पिंजरे घेऊन बसणारा. त्याच्याकडचे हिरवे, पिवळे, निळे चिमुकले पोपटासारखे पक्षी, ज्यांना गावात सगळे लव्हबर्ड म्हणतात. लोक म्हणायचे, धनसिंगची दिवाळी जैनांच्या पर्युषणात येते. बाईंना ते माहीत होतं. जीव सुटतोय ना, मग धनसिंगची दिवाळी का होईना.

गेल्या वर्षी संवत्सरीला नात घरी होती. पलक. पुण्याला शिकते. बाईंनी टोपलीचं झाकण उघडलं, निम्मे पक्षी भुर्रकन गेले, एक पिवळा शेजारच्या पत्र्यावर बसून इकडे तिकडे बघत राहिला.

"दादी, हे का सोडतेस?" पलकनं विचारलं.

"मग काय डांबून ठेवू?"

"हे इकडचे नाहीत गं. परदेशातली जात. पिंजऱ्यात जन्मले, त्यांच्या आईबापांचाही जन्म पिंजऱ्यातच. बाहेर दाणा कुठं असतो ते त्यांना माहीत नाही. एवढे रंगीत, लपणार कुठं? संध्याकाळपर्यंत कावळे खातात."

पोरगी वाईट नाही. पुण्याला राहून तिला एकच खोड लागली आहे, जे माहीत असतं ते सांगून टाकायची. बाई काही बोलणार तेवढ्यात पत्र्यावर दोन कावळे उतरले. पुढचं सांगत नाही. बाईंनी बघितलं, शेठनी बघितलं, पलकनं तोंड फिरवलं.

बाईंनी टोपलीवर झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून तिथंच गच्चीवर बसल्या. "किती वर्षं सोडतेय मी?" त्यांनी विचारलं.  लग्न झाल्याच्या पुढच्या वर्षापासून, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी प्रतिक्रमणात, वर्षभरात ज्या जिवांना बांधलं, मारलं, त्यांची क्षमा मागायची वेळ आली तेव्हा बाई अडल्या. बांधलेला एकही नव्हता. मारलेले मोजता येत नव्हते. घरी आल्यावर त्या शेठना म्हणाल्या, मराठीत सांगायचं तर असं:

"टोपलीत राहिलेत तेवढे मी सोडत नाही. बांधल्याचं पाप मी घेते. पण त्यांना मोठं घर करून द्या. उडता येईल असं. एवढे तरी म्हातारे होऊन मरू देत. मला दुसरं काही नको."

आयुष्यभर बाईंनी नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं असं नाही. पैठणी मागितली होती, फ्रिज मागितला होता, दोन्ही उशिरा मिळाले. पण हे मागणं वेगळं होतं. शेठना ते लगेच कळलं. शिवाय मागणं जाळीचं होतं. म्हणजे त्यांच्याच घरचं.

आणि मग शेठ जाळी निवडायला बसले.

मुलीला स्थळ बघताना एवढा वेळ लावला नव्हता. मुलीचं तर जळगावच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत ठरलं. जाळीसाठी मात्र गोडाऊनमधला एकेक गठ्ठा उजेडात आणला. सहा कोनांची बाद, नावामुळे. शिवाय ती लवते, मांजरानं पंजा मारला तर वाकेल. हिरव्या प्लास्टिकच्या लेपाची बाद. पक्षी चोच मारतील आणि प्लास्टिक पोटात जाईल, हे शेठना सुचलं, आणि सुचलं याचा त्यांना आनंद झाला. एक इंची चौकोनाची बाद, पिल्लाची मान अडकेल. अर्धा इंची हवी. साप शिरणार नाही, उंदीर शिरणार नाही, बोक्याचं नख शिरणार नाही.

अर्धा इंचीचे दोन गठ्ठे होते. एक मागच्या उघड्या अंगणात कितीतरी पावसाळे पडून असलेला, राखाडी, निस्तेज, भंगारवाल्याला द्यायचा राहिलेला. दुसरा आदल्याच आठवड्यात आलेला. जस्ताचा जाड मुलामा, चांदीसारखा लखलखीत, सांध्यांवर जस्ताचे टपोरे थेंब गोठलेले. शेठनी त्यावरून तळहात फिरवला.

"घरच्या कामाला जुनं वापरू नये," ते भटूभाऊंना म्हणाले.

"बरोबर शे," भटूभाऊ म्हणाले. "नवीच लाव."

मागच्या गॅलरीत वेल्डर येऊन चौकट उभी करून गेला. आत एक दार, बाहेर एक दार, म्हणजे दाणा घालताना कुणी निसटायला नको. कडुलिंबाच्या फांद्या आडव्या बसवल्या. सगळी गल्ली बघून गेली. बायका म्हणाल्या, आमची पोरं एवढ्या हवेशीर खोलीत झोपत नाहीत. भटूभाऊंनी आल्या आल्या विचारलं, "काय शेठ, शेवटी तूच मुर्गा जाळी लावी का?"

"सहा कोनांची नाही," शेठ म्हणाले. "चौकोनी आहे."

बाई सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून तिथं बसायला लागल्या. राळ्याचे दाणे, कोथिंबिरीची काडी, उकळून गार केलेलं पाणी. पक्ष्यांनाही उकळलेलंच. बाईंनी त्यांना नावं दिली नाहीत, पण एकेकाची सवय त्यांना पाठ झाली. कोण भांडखोर, कोण लाडोबा, कोण आंघोळीला घाबरतो. ही पाखरं पायांइतकीच चोचीनं चढतात. तार चोचीत धरायची, अंग वर ओढायचं, पुढची तार धरायची. दिवसभर तेच. जरा बसली की तारेच्या सांध्यावरचा थेंब कुरतडत राहायची.

"बघा," बाई शेठना म्हणाल्या, "जाळीचे मुके घेतात."

शेठना ते आवडलं. दुकानात त्यांनी तीन-चार जणांना सांगितलं.

हिवाळा सरायला लागला तेव्हा पहिला गेला. निळा. दोन दिवस पिसं फुलवून बसला, वाटीतलं पाणी सारखं पीत राहिला, खाली हिरवं पाण्यासारखं पडत होतं, आणि सकाळी जमिनीवर आडवा. शेठना तो आधी दिसला. त्यांनी आजवर देवाधर्माच्या गोष्टीत बायकोला फसवलं नव्हतं. त्या दिवशी फसवलं. सदऱ्याच्या खिशात पक्षी घालून ते बाहेर पडले, पांझरा नदीकाठी खड्डा करून पुरला आणि तसेच धनसिंगकडे गेले. निळाच पाहिजे म्हणाले. धनसिंगनं चार निळे काढून दाखवले. संवत्सरी नसताना शेठ आलेले बघून त्याला गहिवरून आलं असेल.

दुपारी बाईंनी खुर्ची टाकली. निळ्याला डुलकी लागेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हा आपला नाही," त्या म्हणाल्या.

"निळाच तर आहे."

"आपला झोपताना मान डावीकडे वळवायचा." मग दाण्याची वाटी भरत, "कुठं पुरलात?"

शेठनी सांगितलं. पुन्हा धनसिंगकडे गेले नाहीत. नवा निळा तेवढा राहिला आणि तोही जाळीला चोच लावून चढायला शिकला.

मग गळती लागली. एका आठवड्यात एक, कधी दोन. गल्लीकडे कारणं भरपूर. एक म्हणाली नजर लागली, एवढं दाखवायला नको होतं. दुसरी म्हणाली समोर मोबाइलचा टॉवर आहे. तिसरीनं धुळ्याच्या हवेवर घातलं आणि चौथीनं, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं, मागच्या जन्माचं काढलं. शेठ रात्री गोणपाट लावत, सकाळी काढत. हळदीचं पाणी झालं, तुळस झाली. बाईंनी आयंबिल धरलं. दिवसातून एकदा, बिनतेलाचं, बिनमिठाचं. पक्षी मरतच राहिले आणि बाई वाळत गेल्या. खुर्चीतून उठताना त्या जाळीला धरून उठायच्या.

शेवटी भटूभाऊंनीच लेकीला आणलं. शिल्पा जनावरांची डॉक्टर. दिवसभर म्हशी-बैलांच्या शेपट्या धरणारी, मोठ्या आवाजाची, बापापेक्षा कमी थट्टेखोर पण सरळ. तिनं आजारी पक्षी हातात घेतला, पोट बघितलं, खालची घाण बघितली, आणि मग पक्षी सोडून जाळीच बघायला लागली. बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी आली.

"काका, ही जाळी नवी कोरी लावली का?"

"एकदम नवी," शेठ म्हणाले. अजूनही त्या आवाजात थोडी शान होती.

"धुतली होती लावण्याआधी? व्हिनेगर लावून, ब्रशनं घासून?"

"जाळी कशाला धुवायची?"

शिल्पानं बाईंकडे बघितलं, मग शेठकडे. "हे जस्त आहे काका. नव्या जाळीवरचं सुटं जस्त. चोचीनं खरवडतात आणि पोटात जातं. विष आहे ते यांना."

"हवेनं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही काकू."

"नजर?"

"नाही. जाळीनं."

बाईंनी पदर सारखा केला. शेठनी आपलंही बोट जाळीवरून फिरवलं. आयुष्यभर ज्या मुलाम्याची गिऱ्हाइकाला हमी दिली, गंज नाही, डाग नाही, तो त्यांच्या समोर चौकोन चौकोन होऊन उभा होता.

"अंगणात एखादी जुनी, पावसात भिजलेली पडली असती तर तीही बरी होती," शिल्पा सांगत होती, "सुटं जस्त धुऊन गेलेलं असतं. सगळ्यात चांगली स्टीलची. दुधाच्या गाळण्यांना वापरतात त्या जातीची." भटूभाऊंनी शेठकडे बघितलं आणि झटकन दुसरीकडे बघितलं. "मागं एकाचं असंच झालं होतं. देवपूरचा अभिमन. त्याचे सगळे पक्षी गेले. त्यानं तर जाळी तुमच्याकडूनच घेतली होती."

"माझ्याकडून?" शेठ जागे झाले. "शक्य नाही. मी पक्ष्यांसाठी जाळी देत नाही. अभिमन मला आठवतो. त्यानं पापड वाळत घालायच्या चौकटीला नेली."

शिल्पाला हसू आलं, ते तिनं आवरलं. "काका, तसंच सांगावं लागतं ना तुमच्याकडे. आमच्या कोंबड्यांची जाळी कुठली? बाबांनी खिडकी सांगून आणली."

भटूभाऊ गॅलरीच्या कठड्यावरून खाली काय चाललंय ते बघायला लागले. खाली काही चाललेलं नव्हतं.

"भटूभाऊ?"

"आते तू इचारस म्हनीसन लोके खोटं बोलतस, शेठ," भटूभाऊ म्हणाले. "मी काय एकलाच शे का? बठ्ठा गावले माहीत शे. एक तुलेच नई."

"अभिमनचे पक्षी मेले तेव्हा तो आला का नाही मला सांगायला?"

"कसा येई? पापड मरी गयात, असं सांगी का?"

कुणी हसलं नाही. भटूभाऊसुद्धा.

त्यानंतर शेठ दुकानात बसत ते कालपर्यंतच्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत. धुळ्यात जेवढ्या खिडक्यांना त्यांनी जाळी दिली तेवढ्या खिडक्या असत्या तर भिंतींना जागा उरली नसती. हे त्यांना आधी का दिसलं नाही? खुराडी, पिंजरे, सापळे, सगळ्यांत त्यांचीच जाळी. आणि ज्यांचे पक्षी मेले त्यातला एकजण जरी चिडून दुकानावर आला असता, शेठ, काय विष विकता, म्हणाला असता, तर घरच्या गॅलरीत ती जाळी लागली नसती. ते येऊ नयेत याचा बंदोबस्त त्यांनी स्वतः केला होता, रोज, चष्मा कपाळावर चढवून.

घरची जाळी शिल्पा येऊन गेली त्याच दिवशी उतरवली. राहिलेले पक्षी लाकडी खोक्यात, वर सुती कापड. भटूभाऊंना अपराधी वाटत असावं, ते उपाय घेऊन येत होते. "पितळनी जाळी कर ना. सोनगीरना तांबट करी देतीन. शुद्ध काम."

"पितळेत जस्तच असतं भटूभाऊ," शेठ म्हणाले. "तांबं आणि जस्त." हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. धातूबद्दल त्यांना सगळं माहीत होतं.

स्टीलची जाळी जळगावहून आली. शेठ स्वतः जाऊन घेऊन आले. खिडक्यांना कुणी ती लावत नाही, तिथं गाळणीवाल्यांना सांगून मागवावी लागली. शिल्पानं रक्तातलं जस्त काढायचं इंजेक्शन मुंबईहून मागवलं. एवढ्याशा जिवाच्या छातीत सुई घालताना म्हशी धरणाऱ्या हाताची ती दोनच बोटं वापरायची. दोन पक्षी सुईच्या धक्क्यानंच गेले. बाकीच्यांना थोडे दिवस मिळाले. शिल्पानं बाईंना खोटी आशा लावली नाही. "फार आत गेलंय काकू," म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि इंजेक्शनची वेळ विचारून घेतली.

दुकानात शेठनी नियम बदलला. उंदराचा पिंजरा अजूनही नाही, पण जाळीला नाही म्हणायचं नाही. कुणी आलं की ते चष्मा वर घेत आणि हात जोडल्यासारखं करून सांगत, "पक्ष्यांसाठी असेल तर सांगा. मी देतो. ही नवी लावू नका त्यांना. स्टीलची मागवून देतो. नाहीतर ही न्या, पण व्हिनेगरनं घासून, धुवून, एक पावसाळा बाहेर टाकून मग लावा."

गिऱ्हाईक सावध व्हायचं. म्हातारा नवीन युक्तीनं विचारतोय, असं त्याला वाटायचं. "नाही शेठ, खिडकीसाठीच."

"खरंच सांगा. मी रागावत नाही."

"खिडकीच आहे शेठ. तुमच्याशी खोटं बोलू?"

एकदा तर देवपूरचा एकजण आला. सायकलच्या हँडलला पिंजरा टांगलेला, आत दोन हिरवे चिवचिवतायत. अर्धा इंची मागितली. शेठनी पिंजऱ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "कशासाठी?"

"खिडकी," तो म्हणाला. सायकल त्यानं पायानं जरा मागे सरकवली.

शेठ बोलत होते तोवर तो ऐकत होता, मान डोलावत होता, आणि जाळी गुंडाळून सायकलला बांधून निघूनही गेला. शेठ दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. भटूभाऊंनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

शेवटचा राहिला तो धनसिंगकडून बदली आणलेला निळा. बाई ज्याला आपला म्हणाल्या नव्हत्या. उशिरा आला म्हणून विष कमी गेलं असेल. नव्या घरात तो एकटा बसायचा. स्टीलच्या जाळीला चोच लावायचा, पण चढायची ताकद नव्हती, अर्ध्यावरून खाली पडायचा. पुन्हा जायचा. बाईंनी खाली जुन्या मऊ लुगड्याच्या घड्या अंथरल्या. आषाढात एके दुपारी तो पडला तो उठला नाही. बाईंनी त्याला ओंजळीत घेतलं आणि त्याच्या कानाशी नवकार म्हणायला लागल्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानाशी म्हणतात तसा. पक्ष्याचा कान कुठं असतो ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या सगळ्या डोक्याभोवती ओठ फिरवत म्हणत राहिल्या. शेठ शेजारी उभे होते. मध्येच कधीतरी पक्षी गेला. बाईंनी पाठ पूर्ण केला.

काही दिवस जाऊ देऊन शेठनी विषय काढला. "आता जाळी बरोबर आहे. म्हणत असशील तर दुसरे आणतो."

"तुम्ही आणले की धनसिंग पुन्हा टोपली भरणार," बाई म्हणाल्या.

"मग काढून टाकू सगळं?"

"काढून काय होणार?"

जाळीचं घर गॅलरीत तसंच राहिलं.

यंदाची संवत्सरी आली. दुकान बंद. गल्लीत लोक एकमेकांकडे जाऊन हात जोडत होते, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. पलकचा पुण्याहून फोन आला. प्रतिक्रमण करून जैन स्थानकातून परतल्यावर शेठ बाईंसमोर उभे राहिले, हात जोडले, दरवर्षीचे शब्द म्हणाले. यंदा तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं.

"तुमचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "चांगली म्हणूनच आणलीत. मी सोडत होते तेही चांगलं म्हणूनच." त्यांनीही हात जोडले, शब्द म्हटले, आणि हात तसेच ठेवून म्हणाल्या, "ही क्षमा तुमची मागितली. ज्यांची मागायची ते उरले कुठं?"

त्या आता पुढच्या खोलीत बसतात. तिथून गल्ली दिसते. मागच्या गॅलरीकडचं दार लावलेलं असतं. शेठ कधीमधी उघडून जातात, कडुलिंबाच्या वाळल्या फांद्यांखालचा केर काढतात. जाळीवर डाग नाही, ढील नाही. जळगावच्या माणसानं देताना सांगितलं होतं, शेठ, ही कधी गंजायची नाही, तुमच्या नातवंडांना पुरेल. व्यापारी एवढं खरं बोललेला शेठनी क्वचितच पाहिला.